पाणी दिसलं पाहिजे

माझं आदिलाबादला विजेच्या सामानाचं दुकान आहे. वायर, बटणं, पंखे, दिवे. बाथरूमच्या छतात बसवायचे दिवे मागायला कुणी आलं की मला गादेवार बाई आठवतात आणि मी त्या गिऱ्हाइकाला जरा जास्तच प्रश्न विचारतो. बाथरूम केवढं आहे, आंघोळीला बसता कुठं, घरात वयस्कर माणूस कोण आहे. काही जण कंटाळतात. एकजण तर म्हणाला, "दिवा देऊन राह्यले का पोरगी?"

बाई आम्हाला गणित आणि विज्ञान शिकवायच्या. आमचं गाव तलमडुगूच्या बाजूला, महाराष्ट्राच्या सीमेजवळ, कापूस आणि ज्वारीतलं. गावात मराठी शाळा होती आणि बाई रोज आदिलाबादहून बसने यायच्या. मूळच्या त्या मुधोळकडच्या, दुकानदार घरातल्या. उंच, सडपातळ, कडक इस्त्रीची सुती साडी. खडू शाळेचा घेत नसत. स्वतःचा, रुमालात गुंडाळलेला. फळा पुसायच्या तो वरून खाली, सरळ पट्ट्या काढत, एकही पांढरी रेघ न ठेवता. पाणी प्यायच्या आधी पेला उजेडाकडे धरून आरपार बघायच्या. मग एका दमात पिऊन टाकायच्या.

त्यांनी कुणाला कधी मारलं नाही. तरी आम्ही त्यांना जेवढं भ्यायचो तेवढं छडीवाल्या गुरुजींनाही भ्यायचो नाही. उत्तर चुकलं की त्या एकच शब्द म्हणत, "पुन्हा." आवाज चढलेला नसे. पुन्हा चुकलं, पुन्हा "पुन्हा." पोरं रडकुंडीला यायची, पण बाईंचा आवाज तसाच. दुसरं त्यांचं वाक्य होतं, "दिसतंय ते सांग, वाटतंय ते नको." झाडाचं पान हातात देऊन विचारायच्या, काय दिसतं? कुणी म्हणालं, हिरवं पान, तर म्हणायच्या, पान हे तुला माहीत आहे, दिसतंय काय ते सांग. मग कडेचे दात, मधली शीर, किड्यानं खाल्लेलं भोक, असं एकेक सांगावं लागे.

एकदा वर्गात साप निघाला. भिंतीला टेकवून ठेवलेल्या नकाशाच्या गुंडाळ्यांमागे. मी त्याच बाजूच्या बाकावर होतो. पोरी किंचाळल्या. बाई फळ्यापाशी होत्या, त्या वळल्या.

"कुणी उठायचं नाही. पाय बाकावर घ्या. अशोक, तू जवळ आहेस. काय दिसतंय?"

"बाई, साप."

"ते मलाही कळलं. दिसतंय काय?"

मी मान वाकवून बघितलं. "काळं... लांब... हलत नाही, बाई."

"डोकं कुठं आहे?"

"भिंतीकडं."

"मग आपण दाराकडून जाऊ. एकेकानं. पळायचं नाही."

आम्ही सगळे बाहेर आलो, बाई सगळ्यांच्या शेवटी. गावातल्या माणसांनी साप काठीवर घेऊन नाल्याकडे सोडला. बाईंनी तांब्या घेतला, उजेडाकडे धरून पाहिला आणि प्यायल्या. मी मुद्दाम त्यांच्या हाताकडे बघत होतो. तांब्या जरासुद्धा हलत नव्हता. ही बाई कशालाच भीत नाही, हे त्या दिवशी माझ्या मनात पक्कं बसलं.

मोठेपणी मी आदिलाबादला दुकान टाकलं, तेव्हा बाईंच्या यजमानांची ओळख झाली. त्यांना मी काका म्हणत असे. तहसीलमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले, गोल चेहऱ्याचे, बडबडे. त्यांच्या बोलण्यात दप्तरातली जुनी उर्दू असायची. बाईंनी फोन करून सांगितलं, येताना दूध आणा, की हे माझ्या दुकानातल्या स्टुलावरून उठत म्हणायचे, "हुकूम तामील करावा लागेल." बाईंना न भिणारा माणूस मी तो एकच पाहिला. एकदा मी त्यांना सापाची गोष्ट सांगितली. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"अरे, ती लय भित्री हाय. कोणाले सांगू नको. पाल दिसली का मले उठवते. पोरं समोर असली का तिले भ्याले टाइम नसते, एवढंच."

मी तेव्हा ते गमतीवारी नेलं. मूलबाळ नव्हतं त्यांना. दोघंच राहायचे, छोट्याशा घरात. मागे अंगण, कपडे धुवायचा दगड आणि अंगणाला लागून असलेलं बाथरूम.

त्याच बाथरूममध्ये काका एका पहाटे पाय घसरून पडले. डोक्याला मागून मार लागला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मी भेटायला गेलो तेव्हा बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. आलेली माणसं आपापसात बोलत होती. म्हातारं माणूस, बल्ब गेलेला असेल, अंधारात काय दिसते, असं जो तो म्हणत होता. बाई मागच्या दाराकडे बघत होत्या.

त्यानंतर बरेच महिने गेले. उन्हाळ्यातल्या एका दुपारी बाई दुकानात आल्या. आधी पायरीपाशी थांबल्या, चपलेच्या टोकानं पायरी चाचपली, मग वर आल्या. हातात कापडी पिशवी, जड काहीतरी असलेली. मी वर्गात उभं राहावं तसा उभा राहिलो.

"बस," बाई म्हणाल्या. "बाथरूमसाठी दिवे पाहिजेत. छतात आत बसवतात, तसले."

आमच्याकडे तेव्हा अशा दिव्यांना जोरात मागणी होती. स्लॅबखाली प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं छत करायचं, त्यात गोल भोकं पाडायची आणि दिवे बसवायचे. मी उत्साहानं एकेक खोके उघडले. निळ्या कडेचा, सोनेरी कडेचा, चौकोनी. एक पातळ, मोठा, पांढराशुभ्र दिवा चालू करून धरला. "हा सगळ्यांत जास्त उजेड देतो, बाई. एकच बसवला तरी बाथरूम लख्ख होईल."

बाईंनी डोळ्यांपुढे हात धरला.

"उजेड कमी होता म्हणून काका पडले, असं तुला वाटतं ना?"

मी दिवा बंद केला.

"सगळ्यांना तसंच वाटतं. दिवा चालू होता, अशोक. चांगला प्रखर होता. आरशाच्या वर, दाराच्या अगदी समोर. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. दार उघडलं की दिवा सरळ डोळ्यांत यायचा. खाली पांढऱ्या गुळगुळीत फरशा, त्यांच्यातही तोच दिवा. सगळं पांढरं. रात्रीचं पाणी सांडलेलं होतं. ते मला नंतर वाकून बघितल्यावर दिसलं. त्यांना उभ्यानं कसं दिसणार?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"मला दिवा दिसायला नको आहे. पाणी दिसलं पाहिजे."

मी खोके बंद करायला लागलो. दुसरे दिवे काढावे म्हणून वळलो, तर मागून आवाज आला आणि तो मला एकदम ओळखूच आला नाही. बाई शाळेत कायम पुस्तकी, स्वच्छ मराठी बोलायच्या. आमच्या तोंडून "का"ऐवजी "काऊन" निघालं तरी सुधारायच्या.

"मले भेव वाटते रे, अशोक. दारात उभी राह्यते आन पाय उचलतच नाई."

त्यांचा हात काउंटरवर होता. काचेवर ठेवलेली बटणांची पुडी त्या हाताबरोबर खुळखुळत होती. मी बघितलं आणि मान फिरवली. दुपारची वेळ, रस्त्यावर रिक्षांचे आवाज, उघडं दुकान, आणि मीच भ्यालो. गादेवार बाई भ्याल्या असतील तर मग आपल्यासारख्याचं काय, असंच काहीतरी मनात आलं.

थोड्या वेळानं बाईंनी पिशवीतून फरशी काढली. बाथरूमला लावलेल्यातलीच एक उरलेली. ती दुकानाच्या जमिनीवर ठेवली, बाटलीतलं पाणी तिच्यावर थोडं ओतलं आणि स्वतः मागे सरकून दारात उभं राहावं तशा उभ्या राहिल्या.

"आता वरून एकेक दिवा धर."

मी स्टुलावर चढलो, लांब वायरला एकेक दिवा जोडून छताच्या उंचीला धरत गेलो. पातळ मोठ्या दिव्याखाली फरशी नुसती पांढरी झाली, पाणी कुठं आहे ते कळेना. मग एक छोटा, झोताचा दिवा धरला. त्यानं मधोमध गोल उजेड पाडला आणि कडा काळ्या राहिल्या. "हा लोटाभर उजेड एका जागी ओततो," बाई म्हणाल्या. "मी पाऊल टाकेन ते नेमकं काळोखात. दुसरा."

दुकानात आलेली दोन-चार गिऱ्हाइकं आपलं काम विसरून बघत होती. मला स्टुलावर अवघडायला झालं होतं. आवाज येतच होता, "पुन्हा."

शेवटी एक दिवा सापडला. त्याची बत्ती कडेपासून चांगली आत, खोलात बसलेली होती आणि वर दुधी काच. अगदी खाली जाऊन मान वर केल्याशिवाय बत्ती डोळ्यांत येत नव्हती. मी तो फरशीच्या बरोबर वर धरला होता, तो हात दुखला म्हणून जरा बाजूला गेला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांब. तसाच धर."

तिरका उजेड पडला आणि फरशीवर पाण्याची कड उमटली. बारीक, गडद रेघ, ओघळ जिथपर्यंत गेला होता तिथपर्यंत. बाई खूप वेळ बघत राहिल्या.

"दिसलं," त्या म्हणाल्या.

रंगही त्यांनी तसाच तपासून ठरवला. निळसर पांढरा नको, कारण त्यानं फरशी पुन्हा चमकते. पिवळा नको, कारण साबणाचा फेस त्यात बुडतो. मधला घेतला. मग विचारलं, "गरम पाण्याची वाफ आत गेली तर?"

"नाही जात, बाई. रबराची रिंग आहे, काच बंद आहे. बाथरूमसाठीच केलेला आहे."

"वाटतंय का दिसतंय?"

मी शेजारच्या हॉटेलातून चहाची वाफाळती किटली मागवली आणि तिच्या तोंडावर दिवा धरून बसलो. बाहेरून काच ओली झाली. पुसून बघितली, तर आत कोरडी. हॉटेलवाला म्हणाला, "लाइटले चहा पाजून राह्यले का?" सगळे हसले. बाईही हसल्या, पण थोडंच.

प्लॅस्टिकचं छत करून त्यात दिवे बसवायला राजन्ना आला. तो आमच्याकडचा वायरमन, तेलुगू माणूस, कामाला चोख. मीही गेलो. बाथरूम म्हणजे दोन माणसं आत उभी राहिली तर कोपरं भिंतींना लागतील एवढं. वर झरोका होता, पण शेजाऱ्यांनी त्याला चिकटून भिंत उभारलेली, त्यामुळे भर दिवसाही आत काळोख.

बाई दारात उभ्या राहिल्या आणि पुढे आल्याच नाहीत. कुठं बसता, कुठून वाकता, हे कळल्याशिवाय दिवे कुठं घ्यायचे ते ठरेना. म्हणून मीच आत जाऊन त्यांच्या स्टुलावर बसलो, रिकामा मग घेतला, वाकलो, उठलो. बाई बाहेरून सांगत होत्या. "दिवा तुझ्या डोक्यावर घेतला तर वाकल्यावर सावली पायाशी पडेल. मला पाय दिसले पाहिजेत. पुढच्या भिंतीकडे घ्या." असं करत तीन जागा ठरल्या. एक दाराच्या आत, पहिलं पाऊल पडतं तिथं. एक बसायच्या जागेच्या पुढे. एक बेसिनकडे. शॉवरच्या बरोबर वर काहीच नाही. ओल येणार नाही त्या बाजूला वायरींचे जोड, आणि करंट कुठं उतरायला लागला तर आपोआप बंद होणारं बटण बाहेर.

राजन्नाला हे सगळं जास्तच वाटत होतं. "इतने छोटे में तीन काय कू, अम्मा? एक बस होता. भयम वद्दु," भिऊ नका, असं तो हसत म्हणाला. बाईंनी त्याला त्याच्याच तेलुगूत शांतपणे सांगितलं की भीती आहे, म्हणूनच तीन. तो भोकं आखायला लागला.

काम चालू असताना मी अंगणात पाणी प्यायला आलो. दोरीवर एक जुनी साडी आडवी बांधलेली होती. तिच्यामागे बादली, मग, साबण. शेजारच्या बाई भिंतीवरून म्हणाल्या, "आमच्या बाई उजाडता उजाडता इथंच आंघोळ करतात. काका गेले तवापासून. थंडीत बी. आन दिवस मावळला का पाणी पीत नाईत, रातच्याले उठाले लागू नये म्हनून."

मी त्या साडीकडे बघत राहिलो. ती वाऱ्यानं हलत होती आणि तिच्याखालून ओला दगड दिसत होता, शेवाळ धरलेला. इथं पडल्या असत्या तर कुणाला कळलं असतं?

दिवे लागले. बाईंनी दारातूनच मगभर पाणी आत टाकलं. पाणी फरशीवर पसरलं आणि त्याची कड स्पष्ट दिसली. बाईंनी एक पाऊल आत ठेवलं. चौकटीला धरलेला हात सोडला नाही. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्यांनी पाय मागे घेतला.

"उद्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. "आज दोन्ही पाय." एवढंच बोलून ठेवला. मग काही दिवस काहीच नाही. मग एकदा, "आज आंघोळ केली. दार उघडं होतं." मी गिऱ्हाइकाशी बोलत असलो तरी तो फोन घ्यायचोच. पुढे बऱ्याच दिवसांनी सकाळी फोन वाजला. "आज दार लावलं, अशोक." यावेळी ठेवायच्या आधी त्या क्षणभर थांबल्या होत्या. मी म्हणालो, "शाबास, बाई," आणि जीभ चावली. पलीकडून फोन ठेवला गेला, पण रागावल्या नसाव्यात.

मला वाटलं, झालं. आता काळजी नाही.

बाईंच्या बहिणीची मुलगी सविता मंचेरियलला असते. तिचा नवरा कोळशाच्या खाणीत कामाला आहे. ती मावशीला रोज दुपारी फोन करायची. एका दुपारी तिचा मला फोन आला.

"अशोकदादा, मावशी फोन उचलून नाई राह्यली. किती येळा केला. तुमी जरा जाता का?"

त्या दिवशी अवेळी आभाळ भरून आलं होतं. वारं सुटलं होतं आणि सगळ्या भागातला करंट गेला होता. मी शटर ओढलं आणि गाडी काढली. वाटेत माझ्या डोळ्यांपुढे काका येत होते. मी त्यांना पडलेलं पाहिलं नव्हतं, तरी दिसत होते. गाडी नीट चालवता येईना.

पुढचं दार आतून बंद. हाका मारल्या, उत्तर नाही. बाजूच्या बोळातून मागे गेलो. अंगण काळवंडलं होतं. घराचं मागचं दार उघडं, बाथरूमचं बंद. आत नळ बारीक वाहत होता. मी दारापाशी गेलो आणि थबकलो. आतून पुटपुटल्यासारखा आवाज येत होता. कान लावला.

"...पाच दिडकी साडेसात, सहा दिडकी नऊ, सात दिडकी साडेदहा..."

बाई पाढे म्हणत होत्या. एका सुरात, न थांबता. दिडकी संपली की पुन्हा एक दिडकी दीड. मी दार वाजवलं, "बाई!"

आवाज बंद झाला. नुसता नळ.

"बाई, मी अशोक."

"अशोक?" अगदी बारीक आवाज. "अंधार झाला."

"हो, करंट गेलाय. लागलं का कुठं? पडलात का?"

"नाही. बसलेय. स्टुलावर." मग थोडं थांबून, "खाली साबणाचं पाणी आहे. ते कुठपर्यंत गेलंय, मला माहीत नाही."

"दार तोडू का?"

"नको. दार आत उघडतं. माझ्या अंगावर येईल."

एवढ्या भीतीतही त्यांचं डोकं चालू होतं. माझंच चालत नव्हतं. मी दिवे निवडले होते, जागा ठरवल्या होत्या, वाफेची परीक्षा घेतली होती, आणि करंट जाऊ शकतो हे आमच्या दोघांच्याही मनात आलं नव्हतं. आमच्याकडे, जिथं वारा सुटला की आधी करंट जातो. मी मोबाइलची बत्ती लावली. झरोक्याकडे जायला वाट नव्हती. दाराखाली मात्र बोटभर फट होती. मी अंगणात पोटावर आडवा झालो, मोबाइल जमिनीला टेकवला आणि त्या फटीतून उजेड आत सोडला.

"काय दिसतंय, बाई?"

मी मोबाइल थोडा आत सरकवला.

"बाई, काय दिसतंय?"

"पाणी," त्या म्हणाल्या. आवाज अजून कापत होता, पण शब्द सुटे येत होते. "एकेक थेंब दिसतोय. प्रत्येकाला सावली आहे. उजव्या पायाजवळून मोरीकडं गेलंय. डावीकडं... डावीकडं कोरडं आहे."

"मग डावीकडून या. भिंतीला धरून. घाई करू नका."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग भिंतीवरून हात फिरल्याचा. दाराखालून त्यांच्या पायाची बोटं उजेडात आली, थरथरणारी, एकेक सरकत. मी मोबाइल हलू न देता पडलो होतो. या वेळी घसरल्या तर दाराच्या या बाजूनं मी काहीही करू शकत नाही, हेच डोक्यात घुमत होतं. कडी हलली. अडकली. पुन्हा हलली. निघाली.

मी उठून पाठ फिरवली. त्या कशीबशी साडी गुंडाळून बाहेर आल्या आणि कपडे धुवायच्या दगडावर बसल्या. केसांतून पाणी गळत होतं. शेजारच्या बाई आल्या, त्यांनी टॉवेल दिला, चहा टाकायला आत गेल्या. बाई माझ्याकडे बघत होत्या, पण मी त्यांना दिसत होतो की नाही कोण जाणे.

"मी लय भ्याले रे," त्या म्हणाल्या. "तू दार वाजवलं ना, तवा मले वाटलं, हेच आले. आन मले बोलावून राह्यले."

आभाळ गडगडलं. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो. चहा आला, त्यांनी कप हातात घेतला, वर उचलला, आणि उजेडच नव्हता म्हणून तसाच खाली धरला. कप बशीवर वाजत राहिला, बराच वेळ.

करंट येईपर्यंत मी तिथंच थांबलो. सविताला फोन करून सांगितलं. ती पलीकडे रडत होती.

दुसऱ्या दिवशी राजन्नाला घेऊन गेलो आणि दाराजवळचा दिवा बदलून पोटात बॅटरी असलेला बसवला. करंट गेला की तो आपोआप लागतो. मी समजावून सांगत होतो, पण बाईंनी हात वर केला. दार उघडं ठेवून त्या आत जाऊन स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मेन बंद कर."

मी बंद केला. दोन दिवे गेले, एक लागला.

"चालू कर. आता पुन्हा."

मी बंद केला, चालू केला. पुन्हा. राजन्ना अंगणात विडी विझवून बघत उभा होता. किती वेळा केलं ते मोजलं नाही. प्रत्येक वेळी दिवे जात तेव्हा बाईंचे खांदे वर चढायचे, आणि तो एक दिवा लागला की खाली यायचे. शेवटी शेवटी ते थोडेच चढत होते. मग त्या उठून बाहेर आल्या आणि राजन्नाला तेलुगूत म्हणाल्या की, बाबा, तू म्हणालास भिऊ नका. तसं नसतं म्हणायचं. काय करायचं ते सांगायचं असतं. राजन्नानं मान डोलावली.

त्या घरात बाई पुढे दीड-दोन वर्षं एकट्या राहिल्या. साडी दोरीवरून निघाली. मला फोन यायचे ते आता दुसऱ्यांसाठी. अमक्याच्या आईला बाथरूममध्ये भीती वाटते, जाऊन बघून ये. तमक्याच्या घरी आरशावर सरळ डोळ्यांत येणारा दिवा आहे, त्याला सांग. मी जाऊन यायचो. लोक हसायचे, काही ऐकायचे. पुढे बाईंचे गुडघे गेले, एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं नाही, आणि सविता येऊन त्यांना मंचेरियलला घेऊन गेली.

माझी शेवटची भेट तिथलीच. एका लग्नासाठी मंचेरियलला गेलो होतो, परतताना सविताकडे गेलो. कॉलनीतलं लहानसं क्वार्टर. बाई खुर्चीत बसल्या होत्या, फार बारीक झालेल्या, जाड चष्मा. मला आवाजावरून ओळखलं. शाळेतल्या पोरांची चौकशी केली, कोण कुठं आहे, कुणाचा कापूस कसा झाला. सविता दबल्या आवाजात मला म्हणाली, "दादा, आमच्या बाथरूममधी अजून जुनाच लाइट हाय. यायच्या खाणीचं सरकारी क्वार्टर, छताले हात लावू देत नाईत. मले रोज धाकधूक होते."

"काय कुजबुजता?" बाई म्हणाल्या.

सवितानं चहा आणला. बाईंनी कप बाजूच्या टेबलावर ठेवायला लावला आणि खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. सविता पुढे झाली, तर तिला हातानंच थांबवलं. भिंतीला हात लावत, जमिनीकडे बघत त्या बाथरूमपाशी गेल्या. दाराशी थांबल्या. पाठमोऱ्या होत्या, तरी त्यांचे खांदे वर गेलेले मला दिसले. मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं. कडी लागली.

सविता आणि मी एकमेकांकडे बघितलं नाही. दोघांचे कान तिकडे. नळ सुरू झाला. बादलीत पाणी पडत होतं. मग आपटल्यासारखा आवाज झाला. सविता अर्धी उठली. नळ बंद झाला. पुढे काहीच ऐकू येईना, अगदी काहीच. माझ्या हातातला कप तसाच राहिला होता. सवितानं ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलं होतं.

कडी निघाली. बाई बाहेर आल्या. पदरानं तोंड पुसत, जमीन बघत, हळूहळू आपल्या खुर्चीपर्यंत आल्या, बसल्या, श्वास खाली बसू दिला. मग चष्मा सारखा करून आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"काय ऐकून राह्यले तुमी दोघं?" त्या म्हणाल्या. "हातातला मग पडला होता. प्या चहा, थंड होऊन राह्यला."